गाडी उचलतो क्रेनवाला, पण अधिकार कोणाचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची हकीकत थोडक्यात अशी. आईला दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर सोडून त्या खाली आल्या, तोवर त्यांच्या मोटारीची मागची चाकं क्रेनने वर उचलली होती. त्यांनी ‘मी आले, मी काढते’ म्हटलं. क्रेनवरच्या मुलाने ‘आता चौकीवरच या’ म्हणून गाडी ओढली. सोबत पोलीस दिसला नाही. ‘साहेब पुढच्या चौकात आहेत’ एवढंच उत्तर मिळालं. चौकीवर दंड आणि टोइंगचे पैसे भरून गाडी सोडवली, आणि घरी येताना गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला. गाडी ऑटोमॅटिक आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत: क्रेनवाल्याला सरकारी परवाना असतो का, नुकसान झालं तर जबाबदार कोण, आणि भाऊ राहतो त्या टेक्सासमध्ये राज्य सरकार टोइंगला कडक नियम लावतं, तसं आपल्याकडे का नाही.

मी चोवीस वर्षं क्रेनचा धंदा केला. सुरुवात खंबाटकी घाटात बंद पडलेले ट्रक ओढण्यापासून झाली, नंतर शहरातल्या टोइंगचं एक कंत्राटही घेतलं आणि मुदत संपल्यावर सोडून दिलं. त्यामुळे हे उत्तर क्रेनच्या आतून दिलेलं आहे. वकील नाही, पण माझ्या धंद्याला लागू होणारी कलमं मला वाचावीच लागली.

आधी मूळ कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२७ हा टोइंगचा सगळा पाया आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेलं वाहन, किंवा जिथे पार्किंगला कायद्याने मनाई आहे तिथे उभं केलेलं वाहन, टोइंगने हलवायला किंवा जॅमर लावायला परवानगी देता येते. ही परवानगी कोण देतो? त्या हद्दीचा, गणवेशातला पोलीस अधिकारी. दुसऱ्या पोटकलमात जळालेली, मोडकी, वाहतुकीला धोका ठरणारी वाहनं ताबडतोब हलवण्याची तरतूद आहे, तिथेही परवानगी पोलिसाचीच. म्हणजे कायद्याने अधिकार एका माणसाला दिला आहे आणि तो क्रेनवर चढलेला मुलगा नाही, मीही नव्हतो. आम्ही हात होतो. कोणती गाडी उचलायची हे ठरवणारं डोकं खाकी किंवा पांढऱ्या वर्दीतलं असलं पाहिजे आणि ते गाडीपाशी असलं पाहिजे. ‘साहेब पुढच्या चौकात आहेत’ हे उत्तर म्हणूनच मला मान्य नाही. चौकात उभ्या माणसाने ती गाडी पाहिलेलीच नसते, मग त्याने परवानगी कशाला दिली?

आता पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: टोइंगचा धंदा करायला म्हणून वेगळा, स्वतंत्र परवाना आपल्याकडे नाही. क्रेन किंवा टोइंग ट्रक ही वाहनं परिवहन वाहनांच्या यादीत येतात, त्यामुळे नोंदणी, फिटनेस, विमा, चालकाचा परवाना हे सगळं लागतं. उलट बंद पडलेलं वाहन ओढायला वापरल्या जाणाऱ्या वाहनाला कलम ६६ मध्ये परमिटमधून सूट आहे. ही सूट योग्यच आहे, घाटात ट्रक आडवा झाला की परमिट बघत बसायला वेळ नसतो. पण परिणाम असा की आरटीओ वाहन तपासतो, धंदा कोणीच तपासत नाही. मदतनीस मुलांना प्रशिक्षण आहे का, हुक कुठे लावायचा हे त्यांना कळतं का, दर किती घ्यायचा, गाडी किती दिवस ठेवायची, हरवली तर काय, हे विचारणारं खातं नाही. शहरात पोलिसांसाठी काम करणाऱ्याला बांधून ठेवतो तो फक्त निविदेतला करार. हायवेवर स्वतःच्या जिवावर धंदा करणाऱ्याला तोही नाही.

हायवेचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ लावा. टोल घेणाऱ्याने रस्ता मोकळा ठेवण्यासाठी क्रेन ठेवायची असते. खासगी क्रेनवाला दिसला तर साखळी लावायच्या आधी दर आणि कुठपर्यंत नेणार हे बोलून घ्या, शक्य असेल तर मोबाइलवर लिहून घ्या. रात्री दोन वाजता घाटात, बायकामुलं गाडीत असताना माणूस कुठलाही दर कबूल करतो, आणि माझ्या धंद्यातली काही माणसं त्या वेळेची वाटच बघतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. विम्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: खासगी मोटारीच्या ठरावीक पॉलिसीत अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च १५०० रुपयांपर्यंतच मिळतो, दुचाकीला ३०० रुपये. त्यापुढचं रोडसाइड असिस्टन्स वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं.

शहराकडे परत येतो, कारण खरी दुखरी जागा तिथे आहे.

तुम्ही चौकीवर जे पैसे भरता ते दोन वेगळे असतात आणि बहुतेकांना ते एकच वाटतात. एक तडजोड शुल्क, ज्याला आपण दंड म्हणतो. तो सरकारजमा होतो. साध्या पार्किंगच्या गुन्ह्याला कलम १७७ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळेला ५०० आणि पुढच्या वेळेला १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. वाहतुकीला अडथळा होईल असं वाहन ठेवण्यासाठी कलम २०१ वेगळं आहे, तिथेही त्याच दुरुस्तीने ५०० रुपये आले. दुसरी रक्कम टोइंगची. ती क्रेनच्या ठेकेदाराला जाते, त्यावर जीएसटी लागतो. कलम १२७ चं तिसरं पोटकलम सांगतं की टोइंगचा सगळा खर्च मालकाने द्यायचा, दंड वेगळा.

या दुसऱ्या रकमेत सगळ्या भांडणाचं मूळ आहे. ठेकेदाराला पैसे प्रति गाडी मिळतात. डिझेल, चालक, चार मुलांचा पगार, क्रेनचा हप्ता, हे सगळं दिवसभरात किती गाड्या उचलल्या यावर भागवायचं असतं. मग क्रेन कुठे जाते? जिथे वाहतूक खरंच अडली आहे, म्हणजे चौकातला आडवा लावलेला टेम्पो, दुहेरी रांगेत उभा ट्रक, तिथे नाही. ते उचलायला वेळ लागतो, मालक भांडतो, एका फेरीत एकच होतो. क्रेन जाते गल्लीच्या तोंडाशी ओळीने लावलेल्या दुचाक्यांकडे. दहा मिनिटांत आठ-दहा चढतात. माझ्या कंत्राटाच्या काळात मीच माझ्या मुलांना सांगितलं होतं की अडथळ्याच्या गाड्या आधी घ्या. महिन्याच्या शेवटी हिशेब बसेना. तेव्हा मला कळलं की माझ्या चांगुलपणावर ही व्यवस्था चालणार नाही, ठेक्याची रचनाच मला वाईट वागायला भाग पाडत होती. मी ते काम सोडलं त्याचं कारण हेच.

लोकांच्या लक्षात राहिलेले प्रसंग याच रचनेतून आलेले आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला आई बाळाला घेऊन आत बसलेली असताना मोटार ओढली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकी उचलली ती वर बसलेल्या माणसासकट. दोन्ही वेळेला संबंधित पोलिसांवर कारवाई झाली. २०२२ च्या सुरुवातीला बंगळुरूत लोकांचा संताप एवढा वाढला की टोइंग थांबवावं लागलं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनीही प्रयोग म्हणून टोइंग बंद ठेवण्याचं जाहीर केलं. एका हवालदाराला निलंबित करून किंवा आठवडाभर क्रेन उभ्या करून गोष्ट तिथेच राहते, कारण क्रेन पुन्हा सुरू झाली की पैसे परत प्रति गाडीच मिळतात.

आता टेक्सासचं. ताईंच्या भावाने सांगितलं ते खरं आहे, पण एक फरक आधी समजून घ्या. तिथलं भांडण मुख्यतः खासगी जागेवरून होतं. अपार्टमेंटचं आवार, दुकानासमोरची जागा. जागेचा मालक टोइंग कंपनीला बोलावतो आणि ती गाडी घेऊन जाते. पोलीस त्यात नसतोच. म्हणून राज्याला टोइंगवाल्यालाच धरावं लागलं. टेक्सासमध्ये परवाने देणारं राज्याचं खातं आहे. टोइंग कंपनीला परवाना, ट्रकला परमिट, चालकाला वेगळा परवाना, आणि गाड्या ठेवायच्या आवारालाही परवाना. ट्रकचं परमिटही कामाप्रमाणे वेगळं: मालकाने स्वतः बोलावलेलं टोइंग, खासगी जागेवरून मालकाच्या इच्छेविरुद्ध केलेलं टोइंग, आणि पोलिसांनी अपघातस्थळी बोलावलेलं. इच्छेविरुद्धच्या टोइंगला कमाल दर ठरलेला आहे. ‘गाडी उचलली जाईल’ अशी पाटी किती इंच रुंद, किती इंच उंच, चिन्ह कोणत्या रंगाचं, इथपर्यंत कायद्यात लिहिलंय. जागेच्या मालकाने टोइंगवाल्याकडून काहीही मोबदला घ्यायचा नाही आणि टोइंगवाल्याने द्यायचा नाही. गाडी चुकीची उचलली असं वाटलं तर सुट्ट्या सोडून १४ दिवसांच्या आत स्थानिक जस्टिस कोर्टात सुनावणी मागता येते, आणि टोइंगवाल्याने जाणूनबुजून नियम मोडला असेल तर १००० डॉलर अधिक शुल्काच्या तिप्पट एवढं त्याच्याकडून वसूल करता येतं.

कॅलिफोर्नियात आणखी एक नियम आहे तो मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो ताईंच्याच प्रसंगाला लागू पडतो. गाडी खासगी आवाराबाहेर पडायच्या आधी मालक आला तर टोइंगवाल्याने ती तिथल्या तिथे, कुठलीही अट न घालता सोडायची. हुक लावून झाला असेल तर नेहमीच्या शुल्काच्या निम्म्यापेक्षा जास्त मागायचं नाही. एवढ्या एका वाक्याने रस्त्यावरची किती भांडणं मिटत असतील! आपल्या कलम १२७ मध्ये असा टप्पाच नाही. तिसऱ्या पोटकलमाची भाषा ‘हलवण्याची परवानगी दिलेलं वाहन’ अशी आहे. त्यामुळे पोलिसाने मान हलवली आणि हुक लागला की ठेकेदार पूर्ण शुल्काचा हक्क सांगतो, गाडी जागची हललेली नसली तरी. कुठे पोलीस नुसता दंड घेऊन सोडतात, कुठे सोडत नाहीत. कायद्याने ते त्या त्या माणसाच्या मर्जीवर ठेवलंय.

अमेरिकेतही हे सुखासुखी झालेलं नाही. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने मोटार-वाहतुकीचे दर, मार्ग आणि सेवा यांवर राज्यांनी कायदे करायचे नाहीत असं ठरलं. त्यामुळे टोइंग कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात सांगत राहिल्या की आम्हाला राज्याचे नियम लागू नाहीत. पुढे इच्छेविरुद्धच्या टोइंगचे दर ठरवायची मुभा राज्यांना मिळाली, २००२ मध्ये कोलंबस शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षिततेचे नियम करायचा अधिकार राज्य शहरांकडेही सोपवू शकतं असं म्हटलं, आणि २०१३ मध्ये पेल्की यांचा खटला आला. तो मी माझ्या क्रेनवरच्या मुलांना नेहमी सांगायचो. न्यू हॅम्पशायरमध्ये फेब्रुवारी २००७ च्या हिमवादळात भाडेकरूंनी आवारातल्या गाड्या हलवायच्या होत्या. हा माणूस अंथरुणाला खिळलेला होता, त्याची होंडा सिव्हिक तिथेच राहिली आणि उचलली गेली. लगेचच त्याला इस्पितळात नेऊन डावं पाऊल कापावं लागलं, त्यातच हृदयविकाराचा झटका आला. तो घरी आला एप्रिलमध्ये. दरम्यान गाडी बेवारस ठरवून लिलावाला काढली, बोली आली नाही, मग कंपनीने ती परस्पर दुसऱ्याला देऊन टाकली. त्याला एक पैसा मिळाला नाही. कंपनीचं म्हणणं केंद्रीय कायदा आम्हाला वाचवतो. न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालात न्यायालयाने ते फेटाळलं: गाडी ओढून झाल्यावर ती कशी ठेवली आणि कशी विकली हा वाहतुकीच्या सेवेचा भाग नाही, तिथे राज्याचा कायदा चालतो. उचललेली गाडी कोणाची तरी असते आणि तो माणूस का आला नाही हे आपल्याला ठाऊक नसतं, हे प्रत्येक आवाराच्या रखवालदाराने डोक्यात ठेवावं म्हणून मी ही गोष्ट सांगायचो.

मग आपल्याकडे का नाही? अधिकार नाही म्हणून नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये राज्य सरकारला नियम करायचे अधिकार आहेत, आणि त्या यादीत रस्त्यावर बंद पडलेली, उभी करून ठेवलेली किंवा सोडून दिलेली वाहनं हलवणं आणि सुरक्षित ताब्यात ठेवणं हा विषय स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. म्हणजे फोटो काढल्याशिवाय हुक लावायचा नाही, मालक आला तर किती घ्यायचं, मुलांना प्रशिक्षण, आवाराचा विमा, नुकसानीची तक्रार किती दिवसांत निकालात काढायची, हे सगळं मुंबईतल्या मंत्रालयात बसून एका अधिसूचनेने करता येईल. दिल्लीला जायची गरज नाही. मला विचाराल तर त्यातला सर्वांत पहिला नियम ठेकेदाराला प्रति गाडी पैसे देणं बंद करा हा असावा. क्रेन महिन्याच्या किंवा तासाच्या भाड्याने घ्या, आणि कोणती क्रेन कुठे जाईल हे वाहतुकीच्या कोंडीवरून ठरवा. क्रेनमालकांचा याला विरोध होईल असं सांगितलं जातं. माझ्या ओळखीच्या कितीतरी मालकांना ठरावीक भाडं हवंय, रोज रस्त्यावर मार खायची त्यांच्या मुलांनाही हौस नाही.

नुकसानीचा प्रश्न उरला. ताई, गाडी सोडवताना तुम्ही पावतीवर सही केली असेल, बहुतेक सगळेच तशीच करतात. पुढच्या वेळी, आणि वाचणाऱ्या सगळ्यांनी: किल्ली लावायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा, मोबाइलवर व्हिडिओ काढा, ओरखडा, वाकलेला बंपर, तुटलेला इंडिकेटर, जे असेल ते पावतीवर लिहूनच सही करा. पैसे भरताना दंड आणि टोइंग शुल्काच्या वेगळ्या पावत्या मागा. तुमच्या बाबतीत आता वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या नावे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि त्यात दोन गोष्टी नेमक्या लिहा: गाडीपाशी गणवेशातला अधिकारी नव्हता, आणि गाडी कोणत्या बाजूने उचलली. सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात त्या भागाच्या टोइंग ठेक्याच्या कराराची प्रत, नुकसानभरपाईचं कलम, ठेकेदाराच्या विम्याची प्रत आणि त्या दिवशीच्या क्रेनवर नेमलेल्या पोलिसाचा नोंदवहीतला उतारा मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. करारात नुकसान ठेकेदाराने भरायचं असं कलम असतं, माझ्या करारात होतं, पण गाडीमालकाला ते कोणी दाखवत नाही. करार हातात आला की दावा कोणावर आणि कशाच्या आधारावर हे तुमच्या वकिलाला पाच मिनिटांत सांगता येईल.

तिथे ‘नो पार्किंग’ची पाटी होती का तेही बघून या, फोटो काढा. पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, दुसऱ्याचं फाटक, अशा जागी पाटीशिवायही गाडी लावता येत नाही, ते नियमातच आहे. पण एरवीच्या सरळ रस्त्याला मनाई असेल तर पाटी लागते, आणि ती झाडामागे लपलेली असेल तर तोही मुद्दा आहे.

आणि गिअरबॉक्स. तुमची मोटार पुढच्या चाकांवर चालणारी असणार, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारी तशाच आहेत. अशी गाडी उचलायची तर पुढची चाकं वर घ्यायची, नाहीतर पुढच्या चाकांखाली ट्रॉली लावायची, सर्वांत चांगलं म्हणजे फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर चढते अशा सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवायची. तुमची मागून उचलली, आणि तुम्ही ती ‘पी’ मध्ये, म्हणजे गिअरच्या पार्किंगच्या स्थितीत, ठेवून गेला असणार. त्या स्थितीत पुढची चाकं आतून अडकलेली असतात. ती तशीच रस्त्यावरून फरफटली असतील. टायरवर एका जागी घासल्याचा सपाट डाग दिसतो का ते आधी बघा, दिसला तर त्याचा जवळून फोटो घ्या, तो तुमचा सर्वांत बोलका पुरावा आहे. त्यानंतर गाडी चालवू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून फ्लॅटबेड मागवा, गिअरबॉक्सचं तेल काढून त्यात धातूचा कीस आहे का ते तपासायला सांगा, आणि त्यांचा लेखी अहवाल हातात पडेपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका.